हरीण आणि रानडुकरासाठी परवडणारी रायफल : अमेरिकेतील एका वादाचा आढावा

प्रश्नाची चौकट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हरणाची शिकार राज्याच्या वन्यजीव खात्याने ठरवलेल्या हंगामात, परवाना काढून आणि प्रत्येक जनावरामागे एक टॅग, म्हणजे खात्याने दिलेली नोंदचिठ्ठी, खर्ची घालून करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या पाच लाखांच्या आसपास उतरली होती आणि आज ती सुमारे तीन कोटी असल्याचे मानले जाते. या पुनरुज्जीवनाचा बराचसा खर्च शिकाऱ्यांच्याच खिशातून झाला, कारण १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसे यांवरील ११ टक्के अबकारी कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. रानडुकराची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतोच्या स्पॅनिश मोहिमेबरोबर फ्लोरिडात उतरलेली पाळीव डुकरे रानात सुटली, पुढे १९१२ मध्ये उत्तर कॅरोलिनातील हूपर बाल्ड येथे शिकारीसाठी आणलेले युरोपीय रानडुक्कर कुंपण फोडून त्यांच्यात मिसळले, आणि या संकरातून झालेल्या प्रजेची संख्या अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजाप्रमाणे आज साठ लाखांहून अधिक असून ती किमान ३५ राज्यांत पसरली आहे. हरीण ही जपून वापरायची ठेव आणि डुक्कर हा शेताचा शत्रू, असा हा भेद असल्याने टेक्सासने २०१९ पासून खासगी जमिनीवर डुक्कर मारण्यासाठी शिकारीच्या परवान्याची अटही काढून टाकली.

सर्वसामान्य उत्पन्नाच्या शिकाऱ्याला मात्र या दोन्ही जनावरांसाठी एकच रायफल घ्यावयाची असते आणि वादाचे मूळ तेथेच आहे. नोव्हेंबरच्या सकाळी मचाणावर बसून शंभर यार्डांवर (यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर) उभ्या असलेल्या हरणावर एकच बार काढणे निराळे, आणि रात्री मक्याच्या शेतात घुसलेल्या, पहिल्या आवाजासरशी चौफेर उधळणाऱ्या डुकरांच्या कळपावर लागोपाठ बार काढणे निराळे. ‘परवडणारी’ या शब्दाचा अर्थही येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे : आजच्या अमेरिकी बाजारात साधारण चारशे ते सहाशे डॉलरची रायफल या वर्गात मोडते, परंतु दुर्बीण, तिची पकड आणि वर्षानुवर्षे लागणारी काडतुसे हा खर्च तिच्यापासून वेगळा काढता येत नाही, आणि पुष्कळ चर्चा फसते ती हा खर्च बाजूला ठेवल्यामुळेच.

स्वस्त रायफलीचा पूर्वेतिहास

खेड्यापाड्यांतील अमेरिकी शिकाऱ्याची पहिली परवडणारी आधुनिक रायफल म्हणजे विंचेस्टरची १८९४ ची लिव्हर-रायफल आणि १८९५ मध्ये आलेले तिचे .३०-३० हे काडतूस. लिव्हर-रायफलीत चापाभोवतीची कडी खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे भरले जाते. दोन महायुद्धांनंतर मौझर आणि स्प्रिंगफील्ड यांसारख्या लष्करी बोल्ट-रायफली अक्षरशः मोडीच्या भावाने टपालातून घरपोच मिळू लागल्या, आणि त्यांचे जड दस्ते तासून शिकारी रायफली बनवण्याचा एक घरगुती उद्योगच उभा राहिला. बोल्ट-रायफलीत प्रत्येक बारानंतर दांडा हाताने मागे ओढून पुढे ढकलावा लागतो, पण त्या बदल्यात रचना साधी, मजबूत आणि अचूक होते. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालाची ही वाट बंद केली.

कारखानदारीच्या अंगाने पाहता दोन घटनांचे महत्त्व अधिक आहे. १९५८ मध्ये आलेल्या सॅव्हेज ११० या रायफलीची नळी एका मोठ्या नटाने आवळली जात असे, त्यामुळे काडतूस नळीत किती खोल बसावे हे नाजूक माप कुशल कारागिराने कानशीने घासत न बसता थोड्या वेळात जुळवता येऊ लागले आणि रायफलीची किंमत खाली आली. उलट विंचेस्टरने १९६४ मध्ये आपल्या नामांकित मॉडेल ७० मध्ये खर्च वाचवण्यासाठी जे बदल केले ते गिऱ्हाइकांना इतके खटकले की ‘चौसष्टच्या आधीची’ रायफल जुन्या बाजारात आजही चढ्या भावाने विकली जाते. स्वस्ताई कोठे करावी आणि कोठे करू नये याचा हा धडा पुढच्या पिढीने बऱ्यापैकी गिरवला. २०१० मध्ये ‘एज’ या नावाने आलेली आणि लगेच ‘अ‍ॅक्सिस’ झालेली सॅव्हेजची रायफल, २०१२ च्या सुमारास बाजारात पोहोचलेली रूगर अमेरिकन आणि २०१५ ची मॉसबर्ग पेट्रियट यांनी नळी आणि चाप यांच्या दर्जाला हात न लावता काटकसर केली ती दस्ता, मॅगझिन (काडतुसे ठेवण्याचा कप्पा) आणि बाह्य सफाई यांत.

रायफलीविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका अशी की आजची चारशे-पाचशे डॉलरची बोल्ट-रायफल या कामासाठी पूर्ण पुरेशी आहे. हिचा आधार साध्या मापात आहे : हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून होणारे वर्म साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचे असते, तर या वर्गातील चांगली रायफल शंभर यार्डांवर तीन-चार सेंटिमीटरच्या वर्तुळात तीन गोळ्या टाकते, म्हणजे दोनशे यार्डांवरही रायफलीची चूक वर्माच्या आकाराच्या निम्म्याहून बरीच कमी राहते. दुसरी भूमिका कारागिरीची आहे. तिचे पुरस्कर्ते सांगतात की स्वस्त प्लास्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला इतका लवचीक असतो की वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून जरा जोर दिला किंवा खांद्याचा पट्टा ताणला तरी तो मोकळ्या राहायला हव्या असलेल्या नळीला टेकतो आणि गोळी सरकते. बोल्ट खरखरतो, मॅगझिनची खिटी थंडीत तडकते. या मंडळींच्या मते सातशे ते नऊशे डॉलरची फिनिश बनावटीची टिक्का किंवा एखादी जुनी पण निगा राखलेली रेमिंग्टन ७०० हीच आयुष्याच्या हिशेबाने स्वस्त ठरते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र दस्त्याचा दोष शिकाऱ्याला रायफल टेकवण्याची जागा बदलून टाळता येतो, आणि हजार डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या चौकटीत तो निर्णायक मानता येत नाही.

तिसरी भूमिका डुकरांमुळे पुढे आली. कळपावर लागोपाठ बार काढायचे तर एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल, म्हणजे प्रत्येक वेळी चाप ओढावा लागतो पण काडतूस आपोआप भरले जाते अशी रायफल, अधिक सोयीची असे तिचे म्हणणे असून टेक्सासच्या शेतांत ते बहुतांशी मान्य झाले आहे. हरणांच्या हंगामात मात्र काही राज्ये अशा रायफलीवर किंवा तिच्या मॅगझिनमधील काडतुसांच्या संख्येवर मर्यादा घालतात. दुर्बिणीविषयी मतभेद कमी आहेत. रायफलीबरोबर फुकट जोडून येणारी दुर्बीण संधिप्रकाशात अंधूक होते आणि धक्क्याने तिच्यात जुळवलेला नेम हलतो, तर हरीण आणि डुक्कर ही दोन्ही जनावरे नेमकी संधिप्रकाशातच बाहेर पडतात, त्यामुळे रायफलीत शंभर डॉलर वाचवून ते दुर्बिणीत घालावेत याबद्दल अनुभवी शिकाऱ्यांत जवळजवळ एकमत आहे.

काडतुसांचा वाद

खरा कलह काडतुसांवरून आहे आणि तो शंभर वर्षांचा आहे. काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. नावातील आकडा सामान्यतः गोळीचा किंवा नळीचा इंचातील व्यास दाखवतो, पण त्यापुढील आकड्याला कोणताही एकच नियम नाही, कारण .३०-०६ मधील ‘०६’ हे १९०६ हे साल आहे, तर .३०-३० मधील दुसरे तीस हे मुळात दारूचे वजन होते. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा लेखक जॅक ओकॉनर १९२५ च्या .२७० विंचेस्टरची, म्हणजे हलक्या पण वेगवान गोळीची, कड घेत असे, तर एल्मर कीथ जाड, जड आणि संथ गोळीचा आग्रह धरी. आजच्या वादातही हेच दोन पक्ष नव्या नावांनी उभे असतात.

मध्यम मार्गाचे सर्वमान्य काडतूस म्हणजे १९५२ चे .३०८ विंचेस्टर. ते १५० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगाने टाकते, जवळजवळ प्रत्येक स्वस्त रायफल त्यात मिळते, आणि खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही त्याचे वीस काडतुसांचे खोके सापडते. नाटोचे ७.६२ हे लष्करी काडतूस त्याचेच भावंड असल्याने सरावासाठी स्वस्त माल मिळतो. परंतु त्या मालातील पूर्ण धातूने मढवलेली गोळी अंगात फुलत नाही, आरपार जाऊन जनावर जायबंदी करते, आणि म्हणूनच अनेक राज्यांत हरणासाठी तिला मनाई आहे. .३०८ च्याच नळकांड्याचे तोंड आवळून १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि १९८० मध्ये ७ मिमी-०८ रेमिंग्टन ही काडतुसे निघाली. यांपैकी दुसऱ्याची ताकद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ७×५७ मौझरच्या तोडीची आहे, आणि चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी ही याच ७×५७ ची होती, हे लक्षात घेतले तर हरणासाठी त्याची ताकद पुरेल की नाही ही शंका उरू नये. २००७ चे ६.५ क्रीडमूर मुळात निशाणबाजीच्या स्पर्धांसाठी बनले. त्याची लांब, निमुळती गोळी दूरवर वेग टिकवून धरते, पण पूर्वेकडच्या दाट रानात, जेथे बहुतेक बार दीडशे यार्डांच्या आतच निघतात, तेथे हा फायदा कागदावरच राहतो; त्याचा खरा गुण म्हणजे त्याचा सौम्य धक्का.

धक्का हा या वादातील सर्वांत दुर्लक्षित आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. साधारण साडेतीन किलोच्या रायफलीत .२४३ चा धक्का नऊ-दहा फूट-पौंड (ऊर्जेचे एकक), क्रीडमूरचा बाराच्या आसपास, .३०८ चा सोळा-सतरा आणि .३०-०६ चा वीसच्या घरात भरतो. स्वस्त रायफली प्लास्टिकमुळे हलक्या असतात आणि रायफल जितकी हलकी तितका धक्का अधिक. खांद्याला मार बसेल या धास्तीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटून अंग आखडण्याची सवय नवशिक्याला दोन-तीन खोक्यांतच लागते आणि ती मोडायला अनेक वर्षे जातात. त्यातच सरावाचा हिशेब येतो : .३०८ चे साधे काडतूस सव्वा-दीड डॉलरला पडते असे धरले तर तीनशे बारांत रायफलीच्या किमतीइतका खर्च होतो, तर .२२३ मध्ये तोच सराव साधारण निम्म्या खर्चात होतो.

.२२३ रेमिंग्टनविषयी मात्र दोन टोकांची मते आहेत. हे १९६४ चे काडतूस ५५ ग्रेनची चिमुकली गोळी टाकते. कानामागे किंवा मानेत नेमकी गोळी घालणारा शांत नेमबाज तिने डुकरे लोळवतो हे नाकारता येत नाही. पण खवळलेल्या, तिरप्या पळणाऱ्या मोठ्या नरावर ती तोकडी पडते हेही तितकेच खरे आहे. एआर रायफलीत बसणारे .३०० ब्लॅकआउट जवळच्या अंतरासाठी चांगले असले तरी त्याची ध्वनीपेक्षा मंद गोळी मोठ्या जनावराच्या अंगात नीट फुलत नाही. ७.६२×३९ या काडतुसाचे सगळे आकर्षण स्वस्त रशियन मालात होते आणि २०२१ मध्ये अमेरिकेने त्या आयातीवर निर्बंध आणल्यापासून ते ओसरले. जुन्या .३०-३० च्या रायफलीत काडतुसे नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात, त्यामुळे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटून अपघात होऊ नये म्हणून तिचे नाक चपटे ठेवावे लागते आणि ती लवकर मंदावते. दीडशे यार्डांच्या आत मात्र तिने गेली सव्वाशे वर्षे हरणे मारली आहेत. आता नवी लिव्हर-रायफलच बोल्ट-रायफलीहून महाग झाली आहे, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल.

या वादात प्रत्यक्ष मोजमाप फार थोडे झाले आहे, म्हणून दक्षिण कॅरोलिनाच्या वन्यजीव खात्यातील अभ्यासकांनी एका शिकार क्लबात मारलेल्या ४९३ हरणांच्या नोंदींवरून काढलेले निष्कर्ष महत्त्वाचे ठरतात. .२४ पासून .३० पर्यंत व्यासाप्रमाणे गट पाडले असता गोळी लागल्यानंतर हरीण किती अंतर धावते यात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो गोळी कोठे लागली यामुळे आणि ती मऊ, चटकन फुलणारी होती की कठीण होती यामुळे. फऱ्यावर लागलेले हरीण सर्वांत कमी अंतर गेले. हा एका ठिकाणचा, एका पद्धतीच्या शिकारीचा पुरावा आहे आणि डुकराला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही, तरीही व्यासावरून चाललेल्या शब्दयुद्धाची हवा त्याने बरीचशी काढून घेतली आहे.

गोळीची घडण आणि वर्म

साधी मऊ टोकाची गोळी म्हणजे तांब्याच्या वेष्टणातून शिशाचे टोक उघडे ठेवलेली गोळी. १९३९ पासून विकली जाणारी रेमिंग्टन कोअर-लॉक्ट हे तिचे रूढ उदाहरण असून हरणासाठी ती आजही पुरते. १९४८ मध्ये जॉन नॉस्लरने गोळीच्या मध्यभागी धातूचा आडपडदा घातला, ज्यामुळे पुढचा भाग फुलला तरी मागचा भाग शाबूत राहून खोल शिरतो, आणि १९८९ पासून बार्न्सच्या निव्वळ तांब्याच्या गोळ्या बाजारात आल्या. डुकराच्या बाबतीत ही घडण व्यासापेक्षा अधिक मोलाची ठरते, कारण प्रौढ नराच्या फऱ्यावर कातडीखाली चिवट ऊतीची जाड ढाल असते आणि तिच्यावर वाळलेल्या चिखलाचा थर असतो. शिवाय डुकराचे हृदय हरणाच्या मानाने अधिक खाली आणि अधिक पुढे, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्ये असते. हरणाच्या सवयीने फऱ्यामागे नेम धरणारा शिकारी डुकराच्या पोटात गोळी घालतो, मग रक्ताचा माग काढत काट्याकुट्यांत शिरतो आणि दोष काडतुसाला देतो. डुक्कर फाडताना हातमोजे घालावेत ही सूचनाही येथेच नोंदवणे योग्य, कारण त्याच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूजन्य ज्वर माणसाला होऊ शकतो.

शिशाचा प्रश्न स्वतंत्र आहे. वेगवान शिशाची गोळी फुटून तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात हे क्ष-किरण चित्रांतून सिद्ध झाले असून, शिकारीचे अवशेष खाणाऱ्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर गिधाडांना होणाऱ्या विषबाधेमुळे कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी आणली. तांब्याच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा आरोग्याचा मानतात. विरोधक किमतीकडे आणि मंद वेगात तांब्याची गोळी पुरेशी फुलत नाही याकडे बोट दाखवतात. तांब्याचे खोके शिशाच्या खोक्यापेक्षा बरेच महाग पडते, त्यामुळे ‘परवडणारे’ या शब्दाचा कस खऱ्या अर्थाने येथे लागतो.

कायद्याची कात्री

पुष्कळदा निवड शिकाऱ्याच्या हातात नसतेच. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ व्यास, ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा अशी अट असल्याने .२२३ तेथे बाद होते. टेक्सासात ते चालते. मध्यपश्चिमेकडील ओहायो, इंडियाना, आयोवा यांसारख्या सपाट राज्यांनी दूर जाणाऱ्या गोळीच्या भीतीने हरणांसाठी दीर्घकाळ छर्ऱ्याच्या बंदुकीतून सोडलेली एकच जाड गोळी वापरण्याचीच मुख्यतः मुभा दिली होती. पुढे तोंडाशी न आवळलेल्या, सरळ भिंतींच्या नळकांड्याची काडतुसे तेथे टप्प्याटप्प्याने मान्य झाली आणि २०१९ चे .३५० लीजंड याच नियमात बसावे म्हणून घडवले गेले. कायद्यातून काडतूस जन्मण्याचा हा प्रकार भारतीय वाचकाला अपरिचित नाही : ब्रिटिश राजवटीत सैन्याच्या .३०३ काडतुसावर नागरिकांना बंदी असल्यामुळे .३१५ चे काडतूस येथे रूढ झाले आणि सरकारी आयुध कारखान्याची स्पोर्टिंग रायफल त्याच मापात बनत आली. अर्थात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर विदर्भातल्या शेतकऱ्याचे पीक रानडुकरांनी उद्ध्वस्त केले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला बार काढता येत नाही, त्यामुळे अमेरिकी शेतकऱ्याला पडणारा खरेदीचा हा प्रश्न महाराष्ट्रात त्या रूपात उभा राहत नाही.

जे अजून सुटलेले नाही

काही मुद्द्यांवर वाद संपल्यात जमा आहे. दोनशे यार्डांच्या आत हरीण आणि डुक्कर या दोहोंसाठी एकच रायफल घ्यावयाची असेल, तर पाचशे डॉलरच्या आसपासची बोल्ट-रायफल .३०८ मध्ये किंवा, धक्का सोसत नसेल तर, ७ मिमी-०८ मध्ये घेणे आणि उरलेले पैसे दुर्बीण व सराव यांवर घालणे याविरुद्ध ठोस युक्तिवाद शिल्लक नाही. मात्र ७ मिमी-०८ आणि .२४३ यांची काडतुसे टंचाईत आधी संपतात हे २०२०-२१ च्या तुटवड्यात दिसले, त्यामुळे मिळेल तेव्हा दोन खोकी जास्त घेऊन ठेवावीत. .२२३ ने डुकरे मारणे कितपत न्याय्य आहे, तांबे सक्तीचे करावे की ऐच्छिक ठेवावे, आणि १,००० फूट-पौंडांसारख्या जुन्या ढोबळ नियमाला कायद्यात स्थान असावे का, हे प्रश्न मात्र पुराव्याअभावी मतांवरच चालतात.

याहून मोठा प्रश्न डुकरांच्या बाबतीत रायफलीच्या उपयोगाचाच आहे. टेक्सासच्या कृषी विस्तार तज्ज्ञांच्या हिशेबाने डुकरांची संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दरवर्षी सुमारे दोन-तृतीयांश जनावरे काढावी लागतात, आणि बंदुकीने मारल्यावर उरलेला कळप विखरून नव्या शेतांत घुसतो, शिवाय शिकारीच्या हौसेने डुकरे एका भागातून दुसऱ्या भागात नेऊन सोडण्याचे प्रकारही घडतात. मिसूरीच्या संवर्धन खात्याने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर रानडुकरांच्या शिकारीला बंदी केली आणि अख्खा कळप एकाच वेळी पकडणाऱ्या सापळ्यांवर भर दिला; त्या जमिनींवर काडतूस कोणते, हा प्रश्न आता विचारला जात नाही.